दोन पाळ्यांचं घोंगडं

मी घोंगडं बोलतोय. काळं, जाडं, माणदेशी घोंगडं. मला घोंगडी म्हणू नका, बाप्या हाय मी. अन् शाल-बिल तर अजिबात म्हणू नका, डोस्कं फिरतं माजं. शाळा न्हाय शिकलो, त्यामुळं गोड बोलता येत न्हाय. अंगाला लागलो की टोचतो. बोललो तरी टोचणार. पण खोटं बोलणार न्हाय. का, ते म्होरं सांगतो. गप ऐका.

माजा जलम माणातला. बारा-पंधरा मेंढरांची लोकर एका जागी झाली, बायांनी ओट्यावर बसून सूत काढलं, सणगरानं मागावर विणलं. मग चिंचोके भिजवून, शिजवून त्येची खळ केली अन् कुंच्यानं माज्या अंगाला फासली. चार दिस उन्हात ताणून ठेवला. ते ऊन माज्यात अजून हाय. म्हणून तर लवकर तापतो.

आमच्या गावात रीत व्हती. भांडण झालं, कुणाचं काय गेलं, कुणी कुणाला फसवलं, की देवळाम्होरं घोंगडं आंथरायचं. ज्येला बोलायचंय त्येनं वहाणा काढायच्या, घोंगड्यावर बसायचं अन् मग तोंड उघडायचं. घोंगड्यावर बसून खोटं बोलायचं न्हाय. बस, एवढाच कायदा. चांगले मिशावाले गडी मी घामाघूम झालेले बघितल्यात. एक तर बसायच्या आधीच रडायला लागला व्हता.

त्याच गावचा धोंडिबा. अठरा वर्सांचा झाला, अन् बापानं मला त्येच्या खांद्यावर टाकला. म्हणाला, "मुंबईला भुई लई टनक असती म्हंत्यात. ह्ये असू दे." आम्ही दोघं लालबागला उतरलो.

लालबागची खोली म्हंजी दहा बाय बारा. त्यात बावीस माणसं. पण बावीस कधी एकदम नसायची. पाळ्या व्हत्या ना गिरणीत! एक उठला की दुसरा आडवा. आंथरुणंबी तशीच वाटून घेतलेली. धोंडिबा दिवसपाळीला, अन् त्येच्या जागेवर निजायचा मनू. कोकणातला, मालवणाकडचा, रातपाळीवाला. त्येच्याकडं आंथरूण नव्हतं. धोंडिबानं मला आवळून न्हाय नेला. तसाच आंथरून ठेवला. म्हंजी मी दोन माणसांचा झालो.

दोघांची गाठ फक्त सकाळी, दारात. एक हात धूत निघालेला, एक डोळं चोळत आलेला.

"आलास?"

"इलंय. निघालंस?"

"निघालो."

झालं. एवढंच बोलणं. पाळी सुटली की धोंडिबा दादरच्या भाजीबाजारात ओझी उचलायला जायचा. तो परत येऊस्तवर मनू गिरणीत. सुट्टीच्या दिशी मनू गिरगावात भावाकडं. बारा वर्सं असं. दोघांनी एकत्र बसून च्या प्याल्याचं मला तरी ठाऊक न्हाय.

आता एक सांगतो, हसू नका. माणूस निजला की त्येचं सपान वर जात न्हाय. खाली झिरपतं. घामासारखं. आंथरुणात उतरतं. मी लोकरीचा, धरून ठेवतो. धोंडिबा निजला की माणाचं माळरान दिसायचं. पिवळं गवत, मेंढरांच्या पाठी, लांब कुठं तरी कुत्रं भुकतंय, अन् आभाळ एवढं रिकामं की त्यात हाक मारली तर परत येऊ नये. मनू निजला की खाडी. भरतीचं पाणी हळूहळू नारळीच्या मुळापातुर चढायचं, अन् एक होडी आपली आपण डुलत ऱ्हायची, आत कुणीच न्हाय.

दोन्ही माज्यात मुरली. मिसळली. मग काय व्हायला लागलं, की धोंडिबाला सपनात पाणी दिसाया लागलं. मेंढरं गुडघाभर पाण्यात हुबी. होडीत मेंढरं. अन् मनू झोपेत "हुर्र, हुर्र" करून कायबाय हाकायचा. एकमेकांना सांगितलं कुणीच न्हाय. सांगाय टाइम कुठं व्हता?

मग गिरण्यांचा संप झाला. पाळ्या बंद, भोंगा बंद. बावीसच्या बावीस माणसं एकदम खोलीत, तवा कळलं की खोली किती बारकी हाय. महिने गेले. घरात दाणा न्हाय. तवर धोंडिबाचं लगीन झालेलं, पोरगं झालेलं, संपाच्या तोंडावर त्येनं त्याच चाळीत बायको-पोरासाठी खोली घेतलेली. एका दिशी त्येनं मला उचलला, खाली नाक्यावर नेला अन् फुटपाथवर पसरला. दाणं मागायला. बरीच माणसं तसं करत व्हती. पण धोंडिबा मान खाली घालून बसला. मी त्येच्या मांडीखाली व्हतो, मला कळत व्हतं. नखानं माजी लोकर उपटत व्हता.

तवा मनू आला. डोक्यावर गाठोडं. गावी चालला व्हता, कायमचा. त्येनं गाठोडं सोडलं, वाटेला घेतलेला उकडा तांदूळ व्हता तेवढा समदा माज्यावर वतला. अन् म्हणाला,

"निघालंय रे, धोंड्या."

धोंडिबानं मान वर केली न्हाय. ओळखला व्हता. त्येचे पाय ओळखत व्हता. पण मान वर झाली न्हाय. मनू थांबला, थोडा येळ थांबला, अन् गेला. पाच-सहा वर्सांनी गावाकडंच वारला, असं कळलं.

त्याच सांजेला धोंडिबानं मला घडी घातली अन् माळ्यावर टाकला. बायकोला म्हणाला, "ह्ये परत खाली काढायचं न्हाय. कुणाम्होरं पसरायचं न्हाय."

चाळीस वर्सं, बाबांनो. चाळीस वर्सं मी माळ्यावर. माज्यावर गणपतीचं मखर, त्येच्यावर जुना पंखा, त्येच्यावर कुणाची तरी फुटकी सूटकेस. लोक म्हंत्यात "भिजत घोंगडं पडलंय". अरे, भिजत तरी पडू द्या! मी कोरडाच पडून व्हतो. माज्याजवळ दोन माणसांची सपनं व्हती, ती उलटीपालटी करत बसायचो. कधी मेंढरं मोजायचो, कधी होडी.

खाली काय चाललंय ते आवाजावरनं कळायचं. धोंडिबाचा लेक मोठा झाला, नोकरीला लागला. सून आली. नात झाली, रुपाली. गिरणीच्या जागी टॉवर झाला. मनूची बायको शेवंती, तिच्या लेकाला परळला काम लागलं तवा आमच्याच चाळीत ऱ्हायला आली, चार खोल्या पलीकडं. धोंडिबा तिच्याशी बोलायचा, पण मनूचं नाव काढायचा न्हाय. तीबी काढायची न्हाय.

रुपाली परळच्या एका दवाखान्यात कामाला. रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची. पण तिचं ध्यान तिकडं न्हाय. ती नाटक लिवत व्हती. एकदा दुपारी शेवंतीपाशी बसून कोळंबी सोलत व्हती, तवा म्हातारी सहज बोलली, "आमचो मनू झोपेत मेंढरां हाकी गो. आमच्या गावात मेंढरू कोणी बगूकय नाय!" त्या एका वाक्यावर पोरीनं अख्खं नाटक लिवलं. दोन माणसं, एक घोंगडं, दोन पाळ्या. शेवंतीचा नातू वैभव मनू झाला. तालमी गच्चीवर. घोंगड्याच्या जागी एक गुलाबी फुलांची सोलापुरी चादर. मला माळ्यावर ऐकू यायचं. गुलाबी फुलं! रगात तापलं माजं.

नाटक बसलं. पण पैसा न्हाय. नाट्यगृहाचं भाडं, दिवे, टेम्पो, सगळं धरून सत्तर हजार. दादरला एका निर्मात्याकडं दोघं गेली. आल्यावर वैभव जिन्यातच बडबडत व्हता.

"काय बोलला माहितीय? बोलला, दोन माणसं झोपतात यात नाटक कुठाय? एक बायको टाका, एक गैरसमज टाका, कॉमेडी करा."

"मग तू काय बोललास?"

"मी बोललो, साहेब, तुम्ही पण झोपा."

"वैभ्या! अरे पैसे मागायला गेलेलो आपण!"

मग मोबाइलवर काय ते टाकलं, मदत करा म्हणून. तीनशे लोकांनी लाल बदाम पाठवले. बदाम घेऊन दिवेवाला दिवे देत न्हाय. परळच्या नाट्यगृहाची तारीख मिळाली व्हती, पंधरा दिवसांत पैसे भरले न्हाईत तर जाणार. पुढची तारीख पावसाळ्यानंतर. शेवंती ऐंशीच्या वर. म्हणाली, "पावसाळ्यापर्यंत मी आसलंय तर ना! माका माझो घोव एकदा चालता-बोलता बगूचो हा."

घोव म्हंजी नवरा, मनू. ह्ये ऐकून रुपाली उठली, स्टूल घेतलं अन् माळ्यावर हात घातला. पंखा बाजूला, मखर बाजूला, अन् मी. चाळीस वर्सांनी उजेड बघितला. पोरीनं नाक माज्यात खुपसलं. शिंकली. तरी परत खुपसलं.

"हेच घेऊन फिरायचं," ती म्हणाली. "चार टोकं चौघांनी धरायची. नाटक काय आहे ते लोकांना सांगायचं, अन् ज्याला वाटेल त्यानं यात टाकायचं."

तवाच धोंडिबा दारात. हातात दुधाची पिशवी.

"कुणी काढला त्येला?"

"आजोबा, नाटकासाठी..."

"ठेव वर."

"ही भीक नाहीये, आजोबा. लोक नाटकाला देणारेत."

"घोंगडं पसरलं की भीकच! मला शिकवू नगं. मी पसरलंय." दुधाची पिशवी अशी आपटली की फुटली. "अन् मी तुजं नाटक बघायला येणार न्हाय. लिहून घे."

रुपाली रडली न्हाय. आजाचंच रगात. मला खांद्यावर टाकला अन् जिना उतरली.

मग मी फिरलो! लालबागच्या गल्ल्या, परळच्या चाळी, गिरगावच्या वाड्या. चार टोकाला चार पोरं-पोरी, मधी मी झोळीसारखा. वैभव चौकात हुबा ऱ्हाऊन नाटकातलं एक पान बोलून दाखवायचा. "आलास?" "इलंय." एवढ्यावर म्हातारी माणसं गॅलरीत यायची. एक गिरगावातली आजी दोन जिने उतरून आली, मला हात लावला अन् परत गेली. मग वरनं दोरीला टोपली बांधून शंभराची नोट सोडली. एका टॉवरखालच्या सायबानं विचारलं, "हे विकणार का? ऑफिसात लावतो." वैभव म्हणाला, "तुम्हीच या ना झोपायला." त्या दिसांत मला सारखं वाटायचं, मी चालत न्हाय, तरंगतोय. खाली रस्ता न्हाय, पाणी हाय, अन् मी होडी.

पण माणसांची एक नवी खोड मी बघितली. खिशात हात घालायची अन् पैशाच्या जागी फोन काढायची. "कोड आहे का?" रुपालीचा कोड लावला तर लोक नाव वाचायचे, मुंडी हलवायचे. कोण ही रुपाली? आजकाल फसवणारे लई. मग वैभवनं डोस्कं चालवलं. तो आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाचा खजिनदार. मंडळाच्या वर्गणीचा कोड आणला अन् सुईदोऱ्यानं माज्या छातीवर शिवला. म्हणाला, "मंडळाचं नाव बघून लोक बिनधास्त देतील. पैसे काय, मीच काढून देणार!"

अन् खरंच! मंडळाचं नाव दिसलं की लोकांचा हात सैल. आठ दिवसांत साठ हजारांच्या वर. पोरं नाचली. दहा त्यांनी आपसांत काढले. झालं नाटक!

कुठलं झालं? पैसा काढायचा तर वैभवबरोबर अध्यक्षाची सही लागती. अध्यक्ष अभयदादा. त्येनं कपाळाला हात लावला.

"वैभ्या, काय केलंस रे तू? मंडळाच्या खात्यात आलं ते बाप्पाचं. त्याला मी हात लावू?"

"दादा, लोकांनी नाटकाला दिलेत!"

"कागदावर कुठंय? मागं एकदा असेच पैसे इकडचे तिकडं केले, तर चार वर्षं मला चोर बोलत होते लोक. माझी बायको भाजी आणायला जायची नाही. मी सही नाही करणार. घोंगडं पसरून भीक मागायला मी नव्हतं सांगितलं तुम्हाला."

पैसे भरायच्या मुदतीला एक दिवस उरला. रुपाली घरी आली, मला कोपऱ्यात ठेवला अन् भिंतीकडं तोंड करून बसली. जेवायलाबी उठली न्हाय. वैभवनं दारातनंच सगळं सांगितलं, अध्यक्ष भीक म्हणाला तेबी सांगितलं. धोंडिबा खाटेवर बसून ऐकत व्हता. मग शेवंती आली, भिंतीला धरत धरत. धोंडिबासमोर हुबी ऱ्हायली.

"धोंड्या, माजा काय मागणा नाय तुज्याकडे. कधी केलंय? ह्या एकच, नाटक होऊक व्हया."

धोंडिबानं खाटेखालच्या वहाणा पायानं ओढल्या. मग उठला. मला खांद्यावर टाकला. चाळीस वर्सांनी त्यो खांदा! हाडं वर आल्याती, पण जागा तीच.

मंडळाच्या ऑफिसात मिटिंग चालली व्हती. दहा-बारा माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, च्या. धोंडिबानं मधल्या फरशीवर मला आंथरला. कोड माज्या छातीवर तसाच. खुर्च्या मागं सरकल्या.

"अभय, वहाणा काढ. बस हितं."

"काय झालं, बाबा? खुर्ची घ्या ना."

"खुर्चीवर कायबी बोलता येतं. आमच्यात घोंगड्यावर बसून खोटं बोलत न्हाईत. तू बस, अन् ह्या माणसांम्होरं सांग की ह्यो पैसा लोकांनी गणपतीला दिला. सांग. मी नातीला घेऊन घरी जातो. परत तोंड उघडत न्हाय."

"बाबा, नियम आहे..."

"नियम मला नगं. मी चौथी नापास. बस."

अभयदादा हसला. मग हसू गेलं. त्येनं माणसांकडं बघितलं, कुणी मदतीला आलं न्हाय. बूट काढले. मोजे ऱ्हायले, तर धोंडिबानं बोट दाखवलं, मग मोजेबी काढले. मांडी घालून बसला. इस्त्रीची पँट. आता खरं सांगतो, मी टोचतोच, पण त्या दिशी जरा ठरवून टोचलो.

त्येनं माज्या छातीवरच्या कोडावर बोट फिरवलं.

"नाटकाला दिलेत," अभयदादा म्हणाला. आवाज बारीक. "माझ्या आईनं पण दोनशे टाकले. तिला मीच फोनवरनं करून दिले. मला माहिती होतं कशाला ते."

"मग?"

"मग लोक मला चोर बोलतील, बाबा."

धोंडिबा त्येच्या शेजारी बसला. माज्यावरच. "त्यांना म्हणावं, या घोंगड्यावर बसा अन् बोला. मी आंथरतो. कुणाम्होरं बी आंथरतो." मग म्हणाला, "मी आधी भीक म्हणालो व्हतो. नातीला. चुकलं माजं." घोंगड्यावर बसून बोलला, म्हंजी खरंच.

चेकवर सही झाली. अभयदादा उठला तवा मांडी खाजवत गेला.

प्रयोग रविवारचा, दुपारचा. परळला. नाट्यगृह निम्मंअर्धं भरलं, पण जे आले ते आले. पहिल्या रांगेत शेवंती, तिच्या शेजारी धोंडिबा, धुतलेलं धोतर नेसून. पडदा वर गेला अन् माज्यावर उजेड पडला. उन्हासारखा. तसं ऊन मी सणगराच्या अंगणातनं निघाल्यापासनं अंगावर घेतलं नव्हतं.

मग समदं धुक्यातल्यासारखं झालं. एक माणूस निजला, उठला, दुसरा निजला. "आलास?" "इलंय." माळरान आलं, पाणी आलं. रंगमंचावर काय एक मेंढरू नव्हतं, तरी शेवंती म्हणाली, "ही बघ मेंढरां."

शेवटी फुटपाथ. धोंड्याचं काम करणारा पोरगा माज्यावर मान खाली घालून बसलेला. वैभव गाठोडं घेऊन आला. उकडा तांदूळ माज्यावर वतला. "निघालंय रे, धोंड्या." पोरगा हलला न्हाय. अन् मग वैभवनं लोकांकडं तोंड केलं. ह्ये मनूनं घरी जाऊन शेवंतीला सांगितलेलं, तिनं इतकी वर्सं कुणाला न सांगितलेलं, शेवटी ह्या पोरीला सांगितलं अन् पोरीनं नाटकात घातलं.

"धोंड्यान वर बगूक नाय. बरा झाला. बगल्यान असता तर माझो पाय उचललो नसतो."

त्येनं गाठोडं उचललं. आता त्येनं जायचं अन् अंधार. तसं लिवलेलं.

पण पहिल्या रांगेत खुर्ची वाजली. धोंडिबा हुबा ऱ्हायला व्हता. मान वर. सरळ वैभवकडं बघत. अन् सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाईल अशा आवाजात, माळरानावर हाक मारावी तसा, म्हणाला,

"ये रं मन्या. ये जाऊन."

वैभव थांबला. दिवेवालाबी थांबला, त्येनं अंधार केलाच न्हाय. वैभवनं गाठोड्यावरचा एक हात काढला, वर केला. मग गेला. शेवंती खुर्चीवर बसल्या बसल्या पदरानं तोंड पुसत व्हती अन् हसत व्हती.

आता मी रुपालीच्या कपाटात असतो, कडूनिंबाच्या पाल्यात. दुसरा प्रयोग ठरलाय, गिरगावात. तारखेचे पैसे ह्या बारीला तिकिटांतनंच निघतील म्हंत्यात. बघू. छातीवरचा कोड उसवला, पण सुईची भोकं ऱ्हायलीत. अन् तांदळाचे दोन-तीन दाणे लोकरीत अडकल्यात, झटकून पडत न्हाईत. दुपारच्याला घरात कुणी नसलं की धोंडिबा कधी कधी मला काढतो, खाली आंथरतो, अन् पडतो घटकाभर. मला परत मेंढरं दिसत्यात, गुडघाभर पाण्यात. होडीबी दिसती. आता ती रिकामी नसती.

परवा सून म्हणाली, ह्याचा वास येतो, ड्रायक्लिनिंगला देऊन टाकू. मी मागतो म्हणा किंवा सांगतो म्हणा, एकच: धुऊ नका मला. तो वास माजा न्हाय. माज्यात दोन माणसं निजल्यात, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. लई दमल्यात.

जाताना दार हळू लावा.